आमच्यातली चूक आणखी सहा आठवडे दुरुस्त न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जिल्हा रोजगार कार्यालय (युवक विभाग),
नॉरहेडेन.

अर्जदार : कु. उल्रिका नोर्डमार्क, वय अठरा वर्षे सात महिने, राहणार जुन्या लाकूडगिरणीमागे, नॉरहेडेन.

विषय : माझे व माझ्या जुळ्या भावाचे लिंग कागदोपत्री दुरुस्त झाल्यामुळे आमच्या कामांची अदलाबदल करण्याचा जो आदेश निघाला आहे, तो ३१ मेपर्यंत थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ९ एप्रिल १९८५, मला आलेले.
२) आपले पत्र त्याच तारखेचे, शब्दन् शब्द तेच, फक्त नावे उलट, माझ्या भावाला आलेले.
३) आपल्या काउंटरवरील रांगेची चिठ्ठी क्र. ७३, दि. ११ एप्रिल. त्या दिवशी ७२ नंतर कॉफीची सुट्टी झाली आणि सुट्टीनंतर ७४ चा पुकारा झाला.

महोदय,

प्रथम एक खुलासा. आपल्या देशात गेली पंधरा-वीस वर्षे लहानथोर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि आपण मला रस्त्यात भेटला असतात तर मीही "अरे, जरा ऐक" असेच म्हटले असते. परंतु माझी आई म्हणाली, "ज्याच्याकडून काही हवंय त्याला 'आपण' म्हणावं. त्यानं जीभ झिजत नाही." सबब या अर्जात आपणांस 'आपण' असेच संबोधले आहे. 'अर्ज थोडक्यात लिहावा' ही काउंटरवरील पाटीही मी वाचली असून ती ध्यानात ठेवूनच लिहीत आहे.

१. मी व माझा भाऊ रोलंड यांचा जन्म ५ सप्टेंबर १९६६ रोजी झाला. तो सोमवार होता आणि मूस हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस होता. त्या दिवशी नॉरहेडेनमध्ये शाळा, बँक, न्हावी यांपैकी काहीही चालू नसते, हे आपण दक्षिणेकडून बदलून आला असलात तरी एव्हाना आपल्या लक्षात आले असेल. जन्माच्या नोंदी चर्चच्या कचेरीत होतात. तेव्हाचे उपधर्मगुरू संध्याकाळी शिकारीवरून आले, त्यांनी मोजे शेगडीवर वाळत घातले आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवरून आमची नोंद केली. ओळख क्रमांकातला शेवटून दुसरा आकडा विषम असला की पुरुष आणि सम असला की स्त्री, हा नियम आपल्याला तोंडपाठ असणारच. उपधर्मगुरूंनी विषम आकडा मला दिला आणि सम रोलंडला. यंदा नव्या धर्मगुरूंनी ते रजिस्टर उघडले तेव्हा आमच्या नावांशेजारी समासात 'मोठा नर, २१० किलो' असे लिहिलेले आढळले. ते आम्हा दोघांपैकी कोणाविषयी नसावे.

२. अठरा वर्षांत हे कोणाच्याच कसे लक्षात आले नाही, असे आपण विचाराल. लक्षात आले होते. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसण्याची पद्धत नाही, आणि सरकारी कागदात तर मुळीच नाही. आम्ही बारा वर्षांचे असताना शाळेत मुलींना जर्मन गोवराची लस दिली गेली, तेव्हा परिचारिकेच्या यादीत रोलंडचे नाव होते, माझे नव्हते. तिने रोलंडकडे पाहिले, यादीकडे पाहिले, पुन्हा रोलंडकडे पाहिले आणि म्हणाली, "बाही वर कर." पुढे गरोदरपणी बाळाला अपाय होऊ नये म्हणून ती लस देतात. माझा भाऊ त्या बाबतीत आज पूर्णपणे सुरक्षित आहे.

शाळेत शिवण आणि सुतारकाम हे दोन्ही विषय सर्वांनाच सक्तीचे असल्यामुळे तिथेही काही उघडकीस आले नाही. माझा झबल्याचा नमुना रोलंडने शिवला आणि त्याचे स्टूल मी ठोकले. दोघांनाही चांगले गुण पडले. ही कबुली मी प्रथमच लेखी देत आहे. तिच्यावर कारवाई करायची असल्यास हा अर्ज निकाली निघाल्यानंतर करावी.

३. आता कामाकडे वळते. लाकूडगिरणी बंद पडल्यापासून नॉरहेडेनमध्ये तरुण माणसाला तीन वाटा उरल्या आहेत : दक्षिणेची आगगाडी, आपली बेकार तरुणांसाठीची योजना, किंवा पेट्रोल पंपावर गाडी लावून शेजारच्या गाडीत बसलेल्यांकडे बघत राहणे. गेल्या ऑक्टोबरात आपल्या सूचनाफलकावर संपूर्ण तालुक्यात मिळून दोन जागा होत्या. एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची आणि दुसरी तोच ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याची. माझ्या वर्गातल्या सव्वीस जणांपैकी एकालाही ऑर्गनमधले ओ की ठो कळत नव्हते. त्यामुळे आम्ही सगळेच आपल्या योजनेत आलो.

त्याच महिन्यात आपल्याकडे संगणक आला, हे वर्तमानपत्रात छायाचित्रासह छापून आले होते. संगणकाने क्रमांक बघून पुरुषांना वेल्डिंगच्या वर्गाला घातले : पूर्ण दिवस, सात महिने, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. स्त्रियांना घातले गृहमदत सेवेत, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी झाडलोट, खीर आणि केस विंचरणे : रोज चार तास, शेवटी काहीही नाही. मला वेल्डिंगचे पत्र आले आणि रोलंडला गृहमदतीचे.

आई म्हणाली, "काहीतरी घोळ झालाय. जाऊन सांगून या बाबांनो, उगाच दुसऱ्या कुणाची जागा अडायला नको." आम्ही प्रामाणिकपणे आलो. रांगेची चिठ्ठी घेतली, दीड तास बसलो. आपल्या काउंटरवरील गुनहिल्डबाईंनी माझे पत्र पाहिले, मला पाहिले, रोलंडचे पत्र पाहिले, रोलंडला पाहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की बस. "छान!" त्या म्हणाल्या. "समानता! अगदी असंच व्हायला हवंय!" आणि दोन्ही पत्रांवर धाडधाड शिक्के मारले. मी "अहो, पण" एवढे म्हणेपर्यंत त्यांनी पुढचा क्रमांक पुकारला होता. महोदय, आम्ही चूक लपवली असा आरोप आपल्या पत्रात अप्रत्यक्षपणे केलेला आहे. आम्ही ती चूक दोन हातांनी उचलून आपल्या काउंटरवर आणून ठेवली होती. तिच्यावर शिक्का आपल्या कचेरीने मारला.

४. ५ नोव्हेंबरला मी वर्गावर हजर झाले. प्रशिक्षक सिक्स्टेन यांनी यादी वाचली. "बारा पुरुष," ते म्हणाले. मग त्यांनी आम्हाला मोजले. "बारा. चला." यापलीकडे माझ्या स्त्री असण्याचा विषय त्या कार्यशाळेत एकदाच निघाला, तोही स्वच्छतागृहावरून. स्त्रियांचे स्वच्छतागृह होते, पण १९७१ पासून त्यात रंगाचे डबे भरलेले होते. ते हलवण्यासाठी तीन प्रतींत अर्ज करावा लागला. अर्ज करण्याची सवय मला तिथेच लागली.

पहिले तीन आठवडे माझा रॉड पत्र्याला चिकटायचा. जोडाच्या टाक्यात फुगे यायचे. सिक्स्टेन माझे काम उजेडात धरून म्हणायचे, "हे जोडलंयस का ओकलीयस?" मी दोनदा हातमोजा जाळला आणि एकदा भुवई. डिसेंबरात एके दिवशी काय झाले कोण जाणे, पण हात बसला. टोपीच्या काळ्या काचेतून तो वितळलेला ठिपका पुढे सरकताना दिसायला लागला आणि मी त्याच्या मागे चालायला लागले. मला आजवर कशातच गती नव्हती, महोदय. गाण्यात नाही, हिशेबात नाही, स्कीइंगमध्ये तर मुळीच नाही, आणि नॉरहेडेनमध्ये ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. त्या दिवशी सिक्स्टेननी माझा टाका उजेडात धरला, बराच वेळ फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "बरं आहे." हे त्यांनी सोळा वर्षांत तिघांनाच म्हटलेले आहे. मी घरी येऊन जेवले नाही, इतका मला आनंद झाला.

५. इकडे रोलंड टीराआजींकडे जाऊ लागला. टीराआजी शहाऐंशी वर्षांच्या, वनरक्षकाची विधवा, दिसते कमी आणि बोलतात फार. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडून विचारले, "मुलगी कुठाय?" रोलंड म्हणाला, "मीच आहे." आजी म्हणाल्या, "अगं बाई, दाढी आहे तुला," आणि त्याला आत घेतले. आता तो त्यांच्या केसांना रोज कुरळे करायच्या नळ्या लावतो, खीर ढवळतो, वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवतो. बातमी ऐकली की आजी म्हणतात, "मेला का? त्याच्याकडे माझी शिडी आहे." मग रोलंड जाऊन शिडी घेऊन येतो. अशा रीतीने आजींच्या इमारतीच्या अंगणात चार शिड्या, एक झारी आणि एक ढकलगाडी परत आलेली आहे. त्या इमारतीतल्या आणखी पाच म्हाताऱ्यांनी 'दाढीवाली मुलगी' आम्हालाही द्या म्हणून नगरपालिकेत फोन केले.

रोलंड शाळेत असताना मागच्या बाकावर बसायचा आणि घरी आला की खोलीचे दार लावून घ्यायचा. दोन वर्षे आई त्याच्यासाठी काळजीने झुरली. जानेवारीत तो मला म्हणाला, "तिथं कुणीतरी माझी वाट बघतं, उल्रिका. सव्वासातला खिडकीत येऊन बसतात आजी." मी उठून खिडकीबाहेरचा बर्फ बघायला गेले, कारण आमच्या घरात हुंदका दाखवत नाहीत.

त्याने पूर्ण दिवस काम मागितले होते. गुनहिल्डबाई म्हणाल्या, "ते काम चार तासांचंच आहे. बायकांना घरी कामं असतात ना." रोलंड म्हणाला, "मला घरी काही काम नाही." त्या म्हणाल्या, "असेल, असेल." त्या दिवसापासून घरची भांडी रोलंड घासतो, कारण त्याला वाटले की तो नियमच आहे.

६. हे सगळे सुरळीत चालले असते. परंतु जानेवारीच्या शेवटी मला लष्कराच्या भरतीचे बोलावणे आले, कारण अठराव्या वर्षी ते सर्व पुरुषांना येते. न गेल्यास दंड होईल असे खाली ठळक अक्षरांत होते, म्हणून मी गेले. छावणीच्या दारावरचा हवालदार म्हणाला, "भावाला सोडायला आलीस का?" मी पत्र दाखवले. त्याने ते तीनदा वाचले आणि म्हणाला, "इथं बस. याचा निर्णय घेणारा माणूस येतोय." तो माणूस दोन दिवस आला नाही. मी व्हरांड्यात बसून होते. दुसरा दिवस गुरुवार होता, त्यामुळे लष्करातल्या गुरुवारच्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचे सूप आणि धिरडी मिळाली, ती मात्र उत्तम होती. शेवटी एक कप्तान आला, त्याने मला बघून टोपी काढली, मग पुन्हा घातली आणि माझ्या कागदावर 'तूर्त तहकूब, कारण अस्पष्ट' असे लिहिले. लष्कराने चर्चला पत्र लिहिले, चर्चने रजिस्टर उघडले, २१० किलोचा नर सापडला, आणि मार्चमध्ये आमचे आकडे बदलून बरोबर झाले.

आकडे बदलले याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्त्री आहे, हे मला आधीपासून माहीत होते.

७. तक्रार आपल्या ९ एप्रिलच्या पत्राबद्दल आहे. त्यात लिहिले आहे की, 'लिंगविषयक नोंद दुरुस्त झाल्याने सोमवार दि. २२ एप्रिलपासून उल्रिका नोर्डमार्क यांनी गृहमदत सेवेत व रोलंड नोर्डमार्क यांनी वेल्डिंग वर्गात, आसन क्र. १२ वर, रुजू व्हावे.' परीक्षा ३१ मेला आहे, महोदय. सहा आठवडे! सात महिन्यांतले सहा आठवडे राहिले आहेत आणि माझ्या आसनावर तो माझा भाऊ बसणार, जो एकदा मला डबा द्यायला कार्यशाळेत आला, ग्राइंडरची पहिली ठिणगी उडालेली बघितली आणि होता तिथेच खाली बसला. त्याला शुद्धीवर आणायला साखरेचे पाणी लागले. डबा सिक्स्टेननी खाल्ला.

मी ११ एप्रिलला आपल्या कचेरीत आले. माझा क्रमांक कॉफीत बुडाला हे संदर्भात आलेच आहे, तरी मी काउंटरवर जाऊन उभी राहिले. गुनहिल्डबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, तुला कुणी काढत नाहीये. आम्ही फक्त नोंद बरोबर करतोय." त्या हे म्हणत असताना त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक मोठा चित्रफलक लावलेला होता. त्यावर वेल्डिंगची टोपी वर सरकवून हसणारी एक मुलगी आहे आणि खाली लिहिले आहे : 'मुलींनो, चाकोरी मोडा!' ती मुलगी मी आहे. फेब्रुवारीत आपल्याच कचेरीने छायाचित्रकार पाठवला होता. त्याने मला तासभर इकडे बघ, तिकडे बघ, नाकावर थोडी काजळी लाव असे केले. मी गुनहिल्डबाईंना बोट दाखवून म्हटले, "ही कोण?" त्या वळल्या, वर बघितले, बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या, "छान आलाय गं फोटो."

मला त्या वेळी इतका संताप आला की मी काउंटरवरचा पेन उचलला आणि साखळीला बांधलेला असल्यामुळे परत ठेवला.

आपला वार्षिक अहवालही मी तिथेच बाकावर बसून वाचला. पान १४ : 'वेल्डिंग वर्गातील स्त्रिया : शून्य. गृहमदत सेवेतील पुरुष : शून्य. सर्व प्रयत्न करूनही तरुण पारंपरिक निवड करताना दिसतात.' महोदय, आम्ही दोघे तेव्हा तिथे होतो. मी रोज आठ तास होते. आम्ही काहीही निवडले नव्हते, हे खरे. पण आम्हाला कोणी विचारलेही नव्हते.

८. आपल्या कचेरीतील नव्या साहाय्यकांनी माझ्याविषयी सिक्स्टेन यांचे मत फोनवरून मागवल्याचे समजते. फाइलवर 'प्रशिक्षकाचे मत : उत्तर दिले नाही' असा शेरा आहे. साहाय्यक राजधानीतून आलेले आहेत, म्हणून नम्रपणे निदर्शनास आणते की, उत्तरेकडे माणूस 'हो' म्हणताना तोंडाने बोलत नाही, श्वास झटकन आत ओढतो. सिक्स्टेन यांना विचारले गेले, "ती चांगलं काम करते का?" त्यांनी श्वास ओढला. "तिला ठेवावं असं वाटतं का?" त्यांनी पुन्हा ओढला. साहाय्यकांनी "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवला. सिक्स्टेन मला म्हणाले, "मी दोनदा स्पष्ट सांगितलं. अजून काय करू?" त्यांच्या मानाने ते ओरडून सांगण्यासारखेच होते. तरी तो शेरा बदलून 'जोरदार शिफारस' असा करण्यात यावा.

९. कामांची अदलाबदल करून पाहायला हवी, नुसता विरोध नको, असे माझ्या आईचे मत पडले. म्हणून गेल्या शनिवारी आम्ही स्वखर्चाने व स्वतःच्या जबाबदारीवर प्रयोग केला. मी टीराआजींकडे गेले. खीर करपली. केसांच्या नळ्या मी इतक्या घट्ट पिळल्या की आजींच्या भुवया वर गेल्या त्या दुपारपर्यंत खाली आल्या नाहीत. निधनाच्या बातम्या वाचताना मला हसू आले. त्यांच्या लोखंडी पलंगाचा पाय मात्र सैल होता, तो मी कार्यशाळेत नेऊन जोडून आणला. आजींनी पलंगावर बसून, हलून, जवळजवळ उडी मारून बघितले आणि म्हणाल्या, "पलंग झकास झाला. आता माझं पोरगं परत पाठव."

तिकडे रोलंडने सिक्स्टेन यांच्या देखरेखीखाली एक टाका मारला. तो टाका त्याच्या हातमोज्याला व टेबलाला जोडणारा निघाला. हातमोजा अजून तिथेच आहे. रोलंडचा हात काढून घेण्यात आला.

१०. यात माझे काय अडले आहे ते स्पष्ट सांगते. आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर हिल्डिंग नावाच्या गृहस्थांची कार्यशाळा आहे. बर्फ लोटणाऱ्या गाड्या आणि लाकडाचे ट्रक ते दुरुस्त करतात. त्यांना जूनपासून एक माणूस हवा आहे. एकच. मी मार्चमध्ये बसने जाऊन त्यांच्यासमोर बर्फ लोटायचा एक मोडका फाळ जोडून दाखवला. ते म्हणाले, "मला बाई नको, बुवा नको. मला कागद पाहिजे. विमावाले कागद मागतात. प्रमाणपत्र घेऊन ये, ३ जूनला कामाला लाग." ही योजनेतली जागा नाही, महोदय. उपक्रम नाही, सराव नाही, चार तासांची नाही. ती खरीखुरी नोकरी आहे, आमच्या सव्वीस जणांच्या वर्गातली पहिली. मी हे आपल्या कचेरीत सांगितले तेव्हा गुनहिल्डबाई म्हणाल्या की गृहमदत सेवेतूनही पुढे खूप संधी आहेत. मी विचारले, कोणत्या? त्या म्हणाल्या, "गृहमदत सेवेत."

मी त्या दिवशी घरी न जाता आमच्या इमारतीच्या सामाईक धुण्याच्या खोलीत जाऊन बसले आणि यंत्र चालू करून रडले, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. यंत्राची ती वेळ शेजाऱ्यांनी नोंदवून ठेवलेली होती, त्यावरून जिन्यात तक्रारीची चिठ्ठी लागली आहे. तिचे उत्तर मी स्वतंत्र अर्जाने देत आहे.

११. तरी खालीलपैकी कोणतीही एक विनंती मान्य करावी.

(अ) मला ३१ मेपर्यंत पुरुष समजण्यात यावे. मला त्यात काहीच अडचण नाही, अठरा वर्षांची सवय आहे. रोलंडचीही स्त्री राहण्यास हरकत नाही. तो म्हणाला, "मला लस पण टोचलेली आहे."

(आ) ते नियमात बसत नसल्यास आकडे खुशाल दुरुस्त करावेत, माणसे मात्र आहेत तिथेच ठेवावीत. असे केल्यास पान १४ वरील दोन्ही शून्यांच्या जागी एकएक येईल आणि आपण वरच्या कचेरीत सांगू शकाल की, सर्व प्रयत्नांना यश आले. आम्ही कोणाला काही बोलणार नाही.

(इ) तेही शक्य नसल्यास, कागदावर मी टीराआजींकडे व रोलंड वेल्डिंगला असे दाखवावे आणि आम्ही रोज सकाळी बसथांब्यावर आपसात बदलून घेऊ. गेली अठरा वर्षे कागद एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असे चालले आणि कोणाचे काही बिघडले नाही. परंतु हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की, मग प्रमाणपत्र रोलंडच्या नावाचे निघेल आणि हिल्डिंगकडे त्याला जावे लागेल. सबब (इ) मागे घेत आहे.

१२. शेवटी एक गोष्ट. मी आजवर आपल्या कचेरीला स्वतःविषयी नऊ फॉर्म भरून दिले आहेत. वय, पत्ता, शाळा, उंची, पोहता येते की नाही, सगळे विचारले गेले. मला काय करता येते, हे एकाही फॉर्मवर विचारलेले नाही. म्हणून या अर्जासोबत दोन इंच रुंदीच्या दोन लोखंडी पट्ट्या जोडून देत आहे. काल सिक्स्टेन यांच्यासमोर मी त्या जोडल्या. परीक्षेत असा तुकडा शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळून हातोड्याने वाकवतात. टाका कच्चा असला तर फुटतो. आपण तो फोडून बघावा. आपल्याकडे शेगडा व हातोडा नसल्यास शेजारी अग्निशमन दलाकडे आहेत, मी विचारून ठेवले आहे. आपण स्वतः घाव घालावा, साहाय्यकांकडून घालवावा, गुनहिल्डबाईंना घालायचा असल्यास त्यांनीही घालावा. टाका फुटला तर मी सोमवारी सव्वासात वाजता निमूटपणे टीराआजींच्या दारात उभी राहीन आणि पुन्हा एका ओळीचाही अर्ज करणार नाही. नाही फुटला, तर माझी जागा मला द्यावी.

कळावे, उत्तर मात्र २२ तारखेच्या आत कळवावे.

आपला / आपली नम्र,
(लागू नसेल ते आपण खोडावे.)

उल्रिका नोर्डमार्क
नॉरहेडेन, मंगळवार, दि. १६ एप्रिल १९८५

सोबत :
१) दोन्ही पत्रांच्या प्रती.
२) टीराआजींचे निवेदन. अक्षर माझ्या भावाचे, मजकूर त्यांचा, शिव्या गाळल्या आहेत. खाली पाच शेजारणींच्या सह्या.
३) 'मुलींनो, चाकोरी मोडा!' या चित्रफलकाची प्रत, छायाचित्रकाराकडून मिळालेली. आपल्या भिंतीवरची काढलेली नाही.
४) जोडलेले लोखंड, एक नग, वजन तीन किलो. पाकिटात मावले नाही म्हणून काउंटरवर ठेवले आहे. न फुटल्यास कृपया परत करावे. ३ जूनला हिल्डिंगना दाखवायचे आहे.